नवे-जुने (कर्ज)

नवे-जुने : जुने कर्ज कागदोपत्री फिटल्याचे दाखवून त्याच दिवशी, किंवा चार-आठ दिवसांत, तेवढेच किंवा थोडे वाढीव कर्ज पुन्हा उचलण्याची पद्धत. ग्रामीण विदर्भात हा शब्द मुख्यतः पीककर्जाला लावतात. ‘नवं-जुनं केलं का?’ असे मार्चमध्ये कुणी विचारले, तर ते बँकेच्या खात्याबद्दलच असते. व्याज भरले जाते, मुद्दल जागचे हलत नाही आणि खाते ‘चालू’ राहते. सावकाराच्या वहीत, फिनान्सवाल्याच्या हप्त्यात आणि क्रेडिट कार्डाच्या बिलातही हीच क्रिया निरनिराळ्या नावांनी चालते. म्हणून या सर्वांचा विचार येथे एकत्र केला आहे.

मार्चअखेरचे गणित

पीककर्ज हंगामापुरते असते. हेक्टरी किती कर्ज द्यायचे हे पिकानुसार जिल्हास्तरीय तांत्रिक समिती ठरवते. मृगाच्या आधी पैसा उचलायचा, पऱ्हाटी-सोयाबीनला लावायचा, कापसाचा आणि तुरीचा चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, आला की भरायचा, अशी मूळ कल्पना. १९९८ पासून हे कर्ज किसान क्रेडिट कार्डावर, म्हणजे बोलीतल्या ‘केसीसी’वर मिळते. व्याज ७ टक्के. मुदतीत फेडणाऱ्याला केंद्राची ३ टक्के सवलत. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना तिला जोडली, की २०२१-२२ पासून ३ लाखांपर्यंतच्या कर्जाचे व्याज शून्यावर येते.

अट एकच, मुदतीत भरले पाहिजे. आणि चुकारा काही मुदत पाहून येत नाही. तो येतो तेव्हा कृषी केंद्राची उधारी, मजुरी, मुलीचे लग्न, दवाखाना हे आधीच दारात उभे असतात. मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात हाती रक्कम नसते आणि बँक म्हणते, आधी भरा, मग नवे देतो. तेव्हा दीड लाख रुपये आठ दिवसांसाठी हातउसने आणतात. भाऊबंदाकडून मिळाले तर बरे. नाहीतर अडत्या किंवा सावकार. शेकडा पाच रुपये महिना हा दर बोलण्यात सहज येतो आणि पैसे आठच दिवस वापरले तरी पुष्कळदा महिना पुरा धरतात. दीड लाखाचे साडेसात हजार झाले. बँकेच्या सरळ ७ टक्क्यांनी वर्षाचे साडेदहा हजार होतात. म्हणजे शून्य टक्क्याचे कर्ज शून्यच ठेवायला साडेसात हजार मोजूनही तीन हजार वाचतात, शिवाय खाते थकत नाही. शेतकऱ्याचा हिशेब चुकलेला नसतो. सरकारी सवलतीतला मोठा वाटा सावकाराच्या खिशात जातो, एवढेच.

दुसऱ्या तऱ्हेत रोख रक्कम दिसतच नाही. शेतकरी फक्त व्याज आणतो आणि बँक एका नोंदीने जुने खाते बंद करून दुसऱ्या नोंदीने नवे उघडते. कधी व्याजही नव्या कर्जातूनच वळते करून घेतात. तिन्ही बाजूंना हे सोयीचे पडते : शाखेची थकबाकी वाढत नाही, वाटपाचे उद्दिष्ट गाठले जाते, शेतकऱ्याला सह्या करून घरी जाता येते. कागदावर पाहिले तर या गावाने गेल्या वर्षीचे सर्व कर्ज फेडले आणि यंदा पूर्ण नवे घेतले.

वर्धा, नागपूर आणि बुलडाणा या जिल्ह्यांच्या मध्यवर्ती सहकारी बँका अडचणीत आल्यावर तेथील सोसायटीचे, म्हणजे गावच्या सहकारी कर्जसंस्थेचे, सभासद राष्ट्रीयीकृत बँकांकडे वळले. सोसायटीचा सचिव गावातलाच असे. कुणाचे काय पिकले हे त्याला बांधावरून दिसे. तालुक्याच्या शाखेतल्या साहेबाला ते दिसत नाही, त्याला सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून काढलेला गुणांक, दिसते. नवे-जुने नियमित ठेवण्याची घाई त्यामुळे वाढली.

कर्जमाफीने या हिशेबात आणखी गोंधळ घातला. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकलेले २ लाखांपर्यंतचे पीककर्ज माफ झाले. ज्याने उसनवारी करून नवे-जुने केले होते तो थकबाकीदार नव्हता, म्हणून तो बाहेर राहिला. नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन पुढे मिळाले, पण ‘आम्हीच येडे ठरलो’ ही भावना त्याने गेली नाही.

व्याजाचे मुद्दल

नवे-जुने धोक्याचे का, हे दामदुपटीवरून कळते. व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये, हा हिंदू धर्मशास्त्रातला जुना नियम. एका वेळी थकलेले व्याज मुद्दलाएवढे झाले की धनकोला त्याहून जास्त मागता येत नाही. मुंबई इलाख्यातील न्यायालये तो पाळत. सावकारांनी त्यावर सोपी तोड काढली. मुदत संपत आली की जुना रोखा, म्हणजे कर्जाचा लेखी कागद, फाडायचा, मुद्दल आणि व्याज मिळून नवा लिहून घ्यायचा. कालचे व्याज आजचे मुद्दल झाले, दामदुपटीची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याला तीन वर्षांचीच मुदत दिली. ऋणकोच्या भल्यासाठी केलेल्या या तरतुदीने रोखे बदलण्याचा धंदा उलट नियमित केला.

१८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्यानंतरच्या १८७९ च्या दख्खन कृषक साहाय्य कायद्याने न्यायालयांना रोख्याच्या मागे जाण्याचा अधिकार दिला. समोरच्या कागदावरचा आकडा न धरता व्यवहार पहिल्यापासून तपासायचा आणि मूळ हातात किती पडले हे शोधायचे. कर्जनियमनाच्या आपल्या इतिहासात याहून नेमकी कल्पना क्वचितच सापडेल. मात्र हा कायदा झाला तो दख्खनच्या जिल्ह्यांसाठी. वऱ्हाड तेव्हा हैदराबादच्या निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला निराळा प्रदेश होता. इकडे कापूस रेल्वेने मुंबईला जाऊ लागला आणि त्यासोबत गहाणखतेही वाढली. मध्य प्रांतात १९३३ मध्ये कर्जलवाद कायदा झाला; त्यामागे पापळच्या डॉ. पंजाबराव देशमुखांचा पुढाकार होता. लवाद मंडळापुढे धनको आणि ऋणको यांना समोरासमोर बसवून रक्कम खाली आणत आणि हप्ते बांधून देत. व्याज सवलत योजनेला आज त्यांचेच नाव आहे, आणि त्या सवलतीपायी मार्चमध्ये सावकाराकडे जावे लागते. हा योगायोग विचित्र खरा.

सध्याचा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ चा. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांकडून १५ आणि १८ टक्के घेता येतात. एकूण वसूल व्याज मुद्दलापेक्षा अधिक होता कामा नये, ही दामदुपट कायद्यात स्पष्ट लिहिली आहे. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कर्जापोटी शेताचे ‘खरेदीखत’ करून घेतले असेल, तर पंधरा वर्षांपर्यंतच्या व्यवहाराची चौकशी जिल्हा उपनिबंधक करू शकतात आणि जमीन परत देऊ शकतात. कायदा चांगला आहे. अडचण एवढीच की शेकडा पाचवाला परवाना घेतच नाही. त्याचा कागद साध्या वहीत असतो, नाहीतर थेट दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या, दिसायला निर्दोष खरेदीखतात.

लहान आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या अल्पमुदत कर्जावर लावलेले एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये, असा निर्देश रिझर्व्ह बँकेनेही बँकांना दिलेला आहे. दामदुपट बँकांना अनोळखी नाही. पण कागदी नवे-जुने झाले की ती या कर्जातही निरर्थक होते, कारण दरवर्षी खाते कोरे.

कार्डाचे नवे-जुने

किसान क्रेडिट कार्ड आणि बाजारातले क्रेडिट कार्ड यांच्या नावांपलीकडे साम्य थोडे. तरी खेड्यात घोटाळा होतो. कार्ड देणारा ‘केसीसीसारखंच समजा’ असे सांगतो आणि ऐकणारा समजतो. किसान कार्डाच्या मर्यादेत १० टक्के भाग घरखर्चासाठी धरलेला असतो. किराणा, शाळेची फी, पोळ्याचा खर्च यांसाठी संस्थात्मक कर्ज म्हणून शेतकऱ्याच्या वाट्याला अधिकृतपणे येते ते एवढेच. खरी गरज त्याहून मोठी असते. ती जागा गटातून मिळणारे सूक्ष्मकर्ज, मोबाइलच्या दुकानातले हप्त्याचे कार्ड आणि फोनवरचे कर्जाचे ॲप यांनी भरली आहे. क्रेडिट कार्ड आधी आले शिक्षक, ग्रामसेवक यांसारख्या पगारदारांकडे आणि बुटीबोरीसारख्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या पोरांकडे. घरची शेती त्यांच्याच पगारावर टेकलेली असल्याने बियाण्याची थैलीही कधीकधी त्या कार्डावर येते.

कार्डाच्या बिलात एक आकडा असतो : किमान देय. साधारण शिल्लकीच्या ५ टक्के. तो भरला की कार्ड ‘चालू’. समजा २०,००० रुपये राहिले, व्याज महिना साडेतीन टक्के. पहिल्या महिन्याचे व्याज ७००, त्यावर वस्तू व सेवा कर १२६. किमान देय १,०४१ भरले, तर मुद्दल घटते २१५ रुपयांनी. नवी खरेदी एका रुपयाची केली नाही तरी हे कर्ज निम्म्यावर यायला पाच वर्षांहून अधिक लागतात. तोवर सुमारे ४८ हजार भरून झालेले असतात आणि १० हजार अजून शिल्लकच. सावकारी कायद्यातली दामदुपट येथे लागू असती, तर तिसरे वर्ष सरायच्या आतच व्याज मुद्दलाएवढे होऊन वसुलीचा हात थांबला असता.

नियमनाचा प्रश्न

बँकांना सावकारी कायदा लागू नाही. बँकेने व्याज जास्त लावले एवढ्या कारणावरून न्यायालयाला व्यवहार पुन्हा उघडता येत नाही, असे बँकिंग नियमन कायद्याचे कलम २१-अ सांगते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डाच्या थकीत रकमेवर ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. दर ठरवणे हे आयोगाचे काम नव्हे, असा त्याचा आशय. म्हणजे १८७९ मध्ये दख्खनच्या कुणब्याला मिळालेला हक्क आजच्या कार्डधारकाला नाही.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या कार्ड निर्देशांनी बरेच काही सुधारले. न मागता कार्ड देता येत नाही. बंद करायला सांगितल्यावर सात कामाच्या दिवसांत बंद केले नाही, तर दिवसाला ५०० रुपये दंड. न भरलेले शुल्क आणि कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज लावण्यास मनाई आहे. फक्त किमान देय भरत राहिल्यास परतफेड वर्षानुवर्षे लांबेल, असा इशारा बिलावर छापावा लागतो. सूक्ष्मकर्जाला त्याच वर्षी निराळी चौकट मिळाली : वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सर्व हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत. कोरडवाहू शेतकऱ्याचे ‘मासिक उत्पन्न’ काढायचे कसे, हे मात्र हप्ता गोळा करणाऱ्यालाच ठरवावे लागते. कापूस बारा महिने वेचला जात नाही.

दरावर कमाल मर्यादा घालावी की नाही, हा वाद जुना आहे. मर्यादा फार खाली आणली तर बँका गरिबाला कर्ज नाकारतील आणि तो शेकडा पाचवाल्याकडे जाईल, हा आक्षेप विदर्भात तरी पोकळ नाही.  एकूण व्याजावरची मर्यादा मात्र निराळी गोष्ट आहे. तिने दर ठरत नाही. कर्ज किती काळ दुभायचे तेवढे ठरते. ती घालायची तर नूतनीकरणाच्या मागे जाणारा हिशेबही हवा, नाहीतर रोखा बदलण्याची जुनी युक्ती नव्या पडद्यावर चालेल. परवानाधारक सावकाराला प्रत्येक ऋणकोचे खाते विहित नमुन्यात ठेवावे लागते आणि त्याचा उतारा द्यावा लागतो. पीककर्जाच्या पासबुकात आणि कार्डाच्या बिलात असा एक रकाना घालता येण्यासारखा आहे : पहिल्या उचलीपासून आजवर भरलेले एकूण व्याज.