कलेक्टरला दाराबाहेर ठेवणारा कायदा

जिल्हा परिषदेला आपल्याकडे ‘मिनी मंत्रालय’ म्हणतात. आज त्यात थोडा उपहास असतो, पण १९६२ साली तो नव्हता. शाळा, दवाखाने, रस्ते, शेती, पाणी असा जिल्ह्याचा मोठा कारभार त्या वर्षी मुंबईहून काढून निवडून आलेल्या माणसांच्या हाती दिला गेला. देशात इतर कुठल्या राज्याने जिल्हा पातळीवर त्या काळी एवढे धाडस केले नव्हते. ते महाराष्ट्राने का केले, आणि नंतर ते हळूहळू कसे विरत गेले, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

सुरुवात इंग्रजांची. व्हाइसरॉय लॉर्ड रिपनने १८८२ साली स्थानिक स्वराज्याचा ठराव केला आणि त्यापाठोपाठ १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात जिल्हा व तालुका लोकल बोर्डे आली. बराच काळ जिल्हा बोर्डाचा अध्यक्ष खुद्द कलेक्टरच असे, त्यामुळे ‘स्वराज्य’ हा शब्द नावापुरताच राहिला. बोर्डाकडे शाळा, धर्मशाळा, विहिरी, कच्चे रस्ते असत, आणि तिजोरीत बहुधा खडखडाट.

स्वातंत्र्यानंतर गावाला सत्ता द्यावी की नाही, यावरच मतभेद होते. डॉ. आंबेडकरांचा गावगाड्याच्या चांगुलपणावर विश्वास नव्हता. १९३२ सालीच मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना अस्पृश्यांसाठी राखीव जागा नसतील तर या पंचायती आपल्याला मान्य नाहीत, असे त्यांनी सांगितले होते. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत त्यांनी खेड्यांवर केलेली टीका गांधीवाद्यांना फार झोंबली. तडजोड म्हणून ग्रामपंचायतींचे कलम ४० मार्गदर्शक तत्त्वांत आले, म्हणजे ज्यासाठी कोर्टात जाता येत नाही अशा भागात. शिवाय स्थानिक शासन हा विषय राज्यसूचीत गेला. सत्ता खाली द्यायची की नाही, दिली तर किती, हे राज्य सरकारने ठरवायचे, आणि सोडायची होती ती सत्ता त्याचीच. पुढची सगळी गोम इथे आहे.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला. गटविकास अधिकारी, ग्रामसेवक, जीपगाड्या सगळे आले, पण लोक आले नाहीत. असे का झाले, हे पाहायला नेमलेल्या बळवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये तीन स्तरांची रचना सुचवली. तिचा भर तालुका-गटाच्या पंचायत समितीवर होता. जिल्हा परिषद सल्ला देणारी आणि तिचा अध्यक्ष कलेक्टर, असे तिचे मत. राजस्थानने १९५९ मध्ये नागौर येथे नेहरूंच्या हस्ते पंचायत राजची सुरुवात केली.

महाराष्ट्रापुढचा प्रश्न निराळा होता. १ मे १९६० रोजी राज्य झाले तेव्हा त्यात तीन मुलखांच्या तीन तऱ्हा होत्या. पश्चिम महाराष्ट्रात मुंबई राज्याची लोकल बोर्डे, मराठवाड्यात हैदराबादच्या काळातली जिल्हा बोर्डे, आणि नागपूरकडे मध्य प्रांताच्या वेळच्या जनपद सभा. यशवंतराव चव्हाणांना हे तिन्ही भाग एका घडीत बसवायचे होते. शिवाय सहकारी सोसायट्या आणि साखर कारखान्यांतून वर येणाऱ्या ग्रामीण पुढाऱ्यांना काम आणि मान, दोन्ही द्यायचे होते. त्यांनी महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. नाईक स्वतः पुसदचे नगराध्यक्ष राहिलेले, त्यामुळे स्थानिक कारभाराची खडानखडा माहिती असलेले.

१९६१ च्या मार्चमध्ये आलेल्या अहवालाने मेहता समितीचे गणितच उलटे केले. मुख्य घटक तालुका नव्हे, जिल्हा. कारण सरळ होते: कार्यकारी अभियंता, आरोग्य अधिकारी, शिक्षणाधिकारी अशी तज्ज्ञ माणसे प्रत्येक तालुक्याला पुरवणे शक्य नव्हते, जिल्ह्याला होते. कलेक्टरला या रचनेतून बाहेर ठेवले. त्याच्या तोडीचा मुख्य कार्यकारी अधिकारी परिषदेला दिला आणि त्याने सभागृहाच्या अखत्यारीत काम करायचे असे ठरवले. आमदार-खासदारांनाही सदस्यत्वापासून दूर ठेवले. माझ्या मते यातला खरा धाडसी भाग हाच. १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा १ मे १९६२ पासून अमलात आला. (एक गंमत: मेहता आणि नाईक दोघेही १९६३ मध्येच आपापल्या राज्याचे मुख्यमंत्री झाले, मेहता गुजरातचे, नाईक महाराष्ट्राचे.)

पहिली दहा-बारा वर्षे झेडपीची होती. पंचायत समितीच्या सभापतीचा रुबाब आमदारापेक्षा कमी नसे. विलासराव देशमुखांसारखे बाभळगावच्या सरपंचपदापासून निघालेले, आर. आर. पाटलांसारखे जिल्हा परिषदेतून आलेले नेते याच शिडीवरून चढले.

पण ज्या आमदारांना दाराबाहेर ठेवले होते, ते स्वस्थ बसणार नव्हते. सत्तरच्या दशकात जिल्हा नियोजन आणि विकास मंडळे आली, अध्यक्ष म्हणून मंत्री आला, आणि पैशाचा निर्णय झेडपीच्या सभागृहातून कलेक्टर कचेरीच्या सभागृहात सरकला. १९८० च्या सुमारास ग्रामीण विकासाच्या केंद्रीय योजनांसाठी वेगळी यंत्रणा उभी राहिली. पंचायत राजच्या आढाव्यासाठी बोंगिरवार समिती झाली, बाबुराव काळे समिती झाली, प्रा. पी. बी. पाटील समिती झाली. अहवालांची चळत वाढली. झेडपीच्या हक्काचा म्हणावा असा पैसा फक्त ‘सेस’चा, म्हणजे जमीन महसुलावरच्या उपकराचा आणि तत्सम किरकोळ उत्पन्नाचा. बाकी शिक्षकांचे पगारसुद्धा मंत्रालयातून येणार.

दिल्लीने एकदा राज्यांना वळसा घालून पाहिले. राजीव गांधींचे ६४ वे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मंजूर झाले, पण ऑक्टोबर १९८९ मध्ये राज्यसभेत थोडक्या मतांनी पडले. केंद्र राज्यांच्या डोक्यावरून थेट पंचायतींशी संधान बांधतेय, हा विरोधकांचा आक्षेप होता आणि तो अगदीच पोकळ नव्हता. नरसिंह रावांच्या काळात ७३ वी दुरुस्ती झाली, २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. दर पाच वर्षांनी निवडणूक, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग, महिलांना किमान एक तृतीयांश जागा. महाराष्ट्रात १९९० पासूनच महिलांना ३० टक्के जागा होत्या, २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. मात्र घटनेच्या अकराव्या अनुसूचीतले २९ विषय पंचायतींकडे सोपवायचे की नाही, हे कलम २४३ जी मध्ये पुन्हा राज्यांच्याच मर्जीवर राहिले. जिल्हा नियोजन समिती घटनेने आली खरी, पण आपल्याकडे तिच्या अध्यक्षपदी पालकमंत्रीच बसले.

चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळात पंचायतींचा सगळा निधी थेट ग्रामपंचायतींना दिला. जिल्हा परिषदेला आणि पंचायत समितीला दमडी नाही. पंधराव्याने तिन्ही स्तर पुन्हा धरले, तरी राज्यात वाटा ठरला तो ८०:१०:१०, म्हणजे ग्रामपंचायतींना ८० टक्के, पंचायत समिती आणि झेडपीला दहा-दहा. सदस्य म्हणू लागले की आता आमच्याकडे फक्त सत्कार उरलेत. दरम्यान शिक्षकभरतीही राज्याच्या ‘पवित्र’ पोर्टलवर गेली.

मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. ओबीसी आरक्षण आणि गटरचनेचा वाद न्यायालयात अडकल्याने निवडणुका लागल्या नाहीत, प्रशासक आले. हा प्रशासक कोण, तर मुख्य कार्यकारी अधिकारी, म्हणजे नाईक समितीने ज्याला सभागृहाच्या हाताखाली बसवले तोच. ठराव त्याचा, मंजुरी त्याची, अंमलबजावणीही त्याचीच. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असे बजावले, आणि ती मुदतही पुढे जानेवारी २०२६ अखेरपर्यंत वाढवून द्यावी लागली.