मोटारीतील एसी व हीटर : देखभाल (सोलापूर परिसर)

मोटारीच्या आतील हवा थंड, उबदार व कोरडी ठेवणाऱ्या यंत्रणेची वेळोवेळी करावयाची तपासणी, सफाई आणि दुरुस्ती. यंत्रणेचा थंडाव्याचा भाग (एसी) बंदिस्त नळ्यांतून फिरणाऱ्या प्रशीतक वायूवर चालतो, तर उबेचा भाग (हीटर) इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, म्हणजे कूलंटची, उष्णता वापरतो. ब्लोअर, हवेचे मार्ग व झडपा दोघांना सामाईक असतात. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंश सेल्सियसच्या वर जातो आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास पडणारी थंडी शालीवर भागते. त्यामुळे एसीकडे सर्वांचे लक्ष असते, आणि गाडीत हीटर आहे याचाच विसर पडतो. येथील देखभालीतल्या बऱ्याच चुका या विसरापोटी होतात.

एसी थंड करेनासा झाला की ‘गॅस संपला’ असे म्हणण्याची पद्धत आहे. ती दिशाभूल करणारी आहे. गॅस, म्हणजे वर सांगितलेला प्रशीतक वायू, पेट्रोलसारखा जळून खर्च होत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, रेडिएटरपुढील कंडेन्सरमध्ये तो उष्णता टाकून द्रवरूप होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून सुटून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळतो आणि पुन्हा कॉम्प्रेसरकडे येतो. रबरी नळ्या व कॉम्प्रेसरचे सील यांतून वर्षानुवर्षे थोडी गळती होणे स्वाभाविक आहे, परंतु दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर कोठेतरी छिद्र आहे, आणि ते न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय. लहान मोटारीत साधारण अर्धा किलोच्या आसपास गॅस मावतो; नेमके वजन बॉनेटखालच्या चिकटपट्टीवर छापलेले असते आणि वजनकाट्यावर तोलूनच तो भरावा, कारण जास्त भरलेल्या गॅसनेही थंडावा घटतो. वंगणाचे तेल गॅसबरोबरच फिरते व गळतीच्या जागी गॅससोबत बाहेर पडते, म्हणून काळपट तेलकट डाग दिसलेला सांधा प्रथम तपासतात. दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास लावून नळ्यांतील हवा व ओल काढणे आवश्यक असते. घाईच्या दिवसांत नेमकी हीच पायरी गाळली जाते.

गॅसचा प्रकार बदलता येत नाही. ओझोनच्या थराला घातक असलेला आर-12 हा प्रशीतक वायू 1987 च्या माँट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने मागे पडून आर-134ए आला. परंतु त्याचा तापमानवाढीवरील परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक असल्याने त्याच करारात 2016 मध्ये झालेल्या किगाली दुरुस्तीनुसार अशा वायूंचाही वापर कमी करावयाचा आहे. काही नव्या गाड्यांत म्हणून आर-1234वायएफ भरलेला आढळतो. तो मंद ज्वलनशील व बराच महाग असतो.

सोलापूरच्या उन्हात खरा ताण कंडेन्सरवर येतो. बाहेरची हवाच 42 अंशांची असेल तर गॅसला द्रवरूप होण्यासाठी त्याहून पंधरा-वीस अंश तरी अधिक तापमानाला राहावे लागते आणि त्या प्रमाणात कॉम्प्रेसरवरील दाब चढतो. अशा वेळी कंडेन्सरच्या जाळीत अडकलेली काळ्या मातीची धूळ व महामार्गावरचे किडे चांगलेच जाणवतात. यंत्रमागांशेजारी रोज उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या जाळीवर सुताचे बारीक तंतूही बसू शकतात. जाळी मंद धारेने धुवावी. वॉशिंग सेंटरवरचा जोरदार फवारा जवळून मारल्यास तिच्या पातळ पात्या आडव्या पडतात व हवेची वाट अडते. हैदराबाद रस्त्यावर उत्तम चालणारा एसी सात रस्ता चौकाच्या गर्दीत गाडी थांबताच कोमट हवा फेकू लागला, तर गॅसआधी कंडेन्सरचा पंखा पाहावा.

गाडीच्या आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या खणामागे असतो आणि हाताने काढता येतो. कडुलिंबाखाली उभ्या गाडीत काचेखालच्या जाळीतून पाने शिरतात. फिल्टर काढल्यावर त्यांचा चुरा, धूळ आणि कधी उंदराने कुरतडलेला कागद हाती लागतो. सर्वसाधारणपणे 10,000 ते 15,000 किलोमीटरनंतर फिल्टर बदलण्यास सांगितले जाते, पण इथल्या धुळीत तो त्याआधीच पाहिलेला बरा. कूलिंग कॉइल ओली राहिल्याने येणारा कुबट वास अत्तराच्या बाटलीने झाकला जातो, जात नाही. मुक्कामाच्या दोन-तीन मिनिटे आधी एसी बंद करून ब्लोअर चालू ठेवल्यास कॉइल बरीचशी सुकते.

हीटरचे आरोग्य कूलंटवर अवलंबून असते. टाकीतील पातळी उतरली की बोअरचे पाणी ओतण्याची सवय येथे सर्रास दिसते. त्या जड पाण्यातील क्षार हीटरच्या अरुंद नळ्यांत पुट धरतात, आणि कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये पातळ होऊन धातू आतून खाल्ला जातो. कंपनीने सांगितलेले कूलंट व क्षारविरहित पाणी यांचे मिश्रण, बहुधा निम्मे-निम्मे, हाच योग्य मार्ग आहे. त्याने उत्कलनबिंदूही वाढतो. इंजिन तापू लागल्यास एसी बंद करून हीटर पूर्ण चालू केल्याने काही उष्णता आत ओढली जाते आणि गाडी सुरक्षित जागी नेण्यापुरता अवधी मिळतो. मे महिन्यात हे करणे जिवावर येते, पण इंजिन वाचते. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये.

पुढच्या प्रवाशाच्या पायाखालची चटई ओली झाली तर कारण ओळखणे सोपे असते. पाणी स्वच्छ व वासरहित असेल तर कूलिंग कॉइलखालची निचरा नळी तुंबलेली असते, आणि ती साफ केल्याने काम भागते. ओल चिकट असेल, गोडसर वास येत असेल व समोरची काच आतून तेलकट धुरकट होत असेल तर हीटरचा गाभा (गरम कूलंट फिरवणाऱ्या अरुंद नळ्यांचा भाग) फुटलेला असतो, आणि तो बदलण्यासाठी पुष्कळ गाड्यांत सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.