उपाध्यक्षाला डच्चू दिल्याने किती मतं वाढतात?

१९५६ च्या जुलैमध्ये हॅरल्ड स्टॅसन यांनी वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांसमोर एक आकडा ठेवला: सहा टक्के. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या जोडीला उपाध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्याऐवजी मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर ख्रिश्चन हर्टर दिले, तर रिपब्लिकन पक्षाला निदान सहा टक्के मतं जास्त मिळतील, असं त्यांनी खासगीत करवून घेतलेल्या जनमत चाचणीत दिसत होतं. स्टॅसन आयसेनहॉवर यांच्याच प्रशासनातले. अध्यक्षांना आदल्या सप्टेंबरात हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, त्यामुळे चर्चेला ऊत आला. महिनाभरानंतर उमेदवार ठरवणाऱ्या पक्षाच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनात निक्सन यांचं नाव सुचवायला उभे राहिले ते खुद्द हर्टर. नोव्हेंबरात आयसेनहॉवर आणि निक्सन ५७ टक्के मतं आणि ४८ पैकी ४१ राज्यं घेऊन निवडून आले.

म्हणून स्टॅसन खोटे ठरले का? तसंही म्हणता येत नाही. हर्टर असते तर ५७ च्या जागी ६३ झाले असते, हे सिद्ध करायला साधन नाही आणि खोडून काढायलाही नाही. निवडणूक एकदाच होते. तीच निवडणूक दुसरा उपाध्यक्ष घेऊन पुन्हा लढवून बघता येत नाही. १९९२ साली डॅन क्वेल, २००४ मध्ये डिक चेनी, २०१२ मध्ये जो बायडन, २०२० मध्ये माइक पेन्स यांच्याबद्दल त्याच वावड्या उठल्या आणि विरल्या. पुन्हा निवडणूक लढवणाऱ्या अध्यक्षाने विद्यमान उपाध्यक्षाला बदलण्याचा प्रकार १९४५ नंतर एकदाच घडला, १९७६ साली. अफवा एवढ्या आणि बदल एकच, याचं कारण आकड्यांत आणि वेळापत्रकात आहे.

आधी आकडे बघू. नेहमीची चाचणी १,००० मतदारांची असते आणि तिची त्रुटीची कक्षा अधिक-उणे ३.१ टक्के असते, हे बातम्यांत छापलेलं असतं. पण उपाध्यक्षबदलाच्या चाचणीत एका जोडीचा पाठिंबा मोजायचा नसतो, दोन जोड्यांमधला फरक मोजायचा असतो. ५०० जणांना आताच्या जोडीबद्दल विचारलं आणि उरलेल्या ५०० जणांना नव्या जोडीबद्दल, तर प्रत्येक गटाची कक्षा ४.४ टक्क्यांवर जाते. दोन्हींची वजाबाकी केली की दोघांच्या चुका एकत्र येतात आणि फरकाची कक्षा ६.२ टक्के होते. अशा चाचणीत ‘सहा टक्क्यांचा फायदा’ दिसला, तर तो निव्वळ योगायोगानेही दिसू शकतो. दोन टक्क्यांच्या फरकापर्यंत कक्षा खाली आणायची असेल, तर प्रत्येक गटात सुमारे ४,८०० माणसं लागतात. तो फरक खरोखर असेल तर पाचपैकी चार वेळा तो हाती लागावा, एवढी खात्री हवी असेल तर ९,८००. म्हणजे दोन्ही गट मिळून जवळजवळ २० हजार मुलाखती. एवढा खर्च कुणी करत नाही.

त्याच माणसांना दोन्ही प्रश्न विचारले तर गणित बरंच सुधारतं. १,००० जणांपैकी ४० जण नव्या जोडीकडे आले आणि २० जण तिला सोडून गेले, तर निव्वळ फायदा दोन टक्के आणि कक्षा फक्त दीड टक्का, कारण आता मत बदलणारी ६० माणसंच मोजायची असतात. पण इथे दुसरं संकट उभं राहतं. पहिल्या प्रश्नात जुनं नाव आणि लगेच दुसऱ्यात नवं नाव आलं, की काय तपासलं जातंय हे उत्तर देणाऱ्याला कळतं. अध्यक्षावर नाराज असलेला माणूस ‘बदल हवा’ हे सांगायची संधी म्हणून उत्तर देतो. तीच नाराजी नोव्हेंबरात मतपेटीसमोर तशीच व्यक्त होईल असं नाही. आणि नव्या नावावर अजून विरोधी पक्षाची एकही जाहिरात झालेली नसते. त्याची जुनी भाषणं, कर भरल्याचे कागद, आजारपणं, यातलं काहीच बाहेर आलेलं नसतं. चाचणीत चार वर्षं टीका झेललेला माणूस आणि कोरी पाटी यांची तुलना होते. कोरी पाटी जिंकणारच.

हे ओळखून नीट चाचणी घेतल्याचं एक उदाहरण आहे. २०११ च्या अखेरीस ओबामांच्या प्रचार यंत्रणेने बायडन यांच्या जागी हिलरी क्लिंटन आल्या तर काय होईल, हे जनमत चाचण्या आणि गटचर्चा घेऊन तपासलं होतं. त्या वेळचे व्हाइट हाउसचे चीफ ऑफ स्टाफ विल्यम डेली यांनी नंतर ते उघड मान्यही केलं. क्लिंटन तेव्हा परराष्ट्रमंत्री होत्या, घराघरांत माहीत होत्या, बऱ्याच लोकप्रियही होत्या. तरीही जोडीच्या मतांत लक्षात येण्याजोगी वाढ दिसली नाही आणि विषय तिथेच मिटला. क्लिंटन यांच्याइतकं वजनदार नाव जिथे आकडा हलवू शकत नाही, तिथे एखाद्या राज्याच्या गव्हर्नरबद्दल पाच-सहा टक्क्यांचे दावे ऐकताना सावध राहिलेलं बरं.

उपाध्यक्ष निदान स्वतःचं राज्य तरी आणून देतो, असा दुसरा समज आहे. राज्यशास्त्रज्ञांनी हे अनेकदा मोजलं आहे आणि त्यांचं एकमत नाही. डडली आणि रॅपोपोर्ट यांच्या १९८९ च्या अभ्यासात हा फायदा सरासरी ०.३ टक्के निघाला. हीरसिंक आणि पीटरसन यांनी २०१६ मध्ये वेगळी पद्धत वापरली: उपाध्यक्षाच्या राज्यासारखी वागणारी इतर राज्यं ठरावीक प्रमाणात मिसळून एक कृत्रिम ‘जुळं राज्य’ बनवायचं आणि खऱ्या राज्याची त्याच्याशी तुलना करायची. त्यांना फायदा २.६७ टक्के दिसला. ०.३ आणि २.६७ यांत जवळजवळ नऊ पट अंतर आहे, आणि निकाल याच अंतरात अडकू शकतो.

त्यासाठी १९७६ चंच उदाहरण घेऊ. तेव्हाचे उपाध्यक्ष नेल्सन रॉकफेलर म्हणजे न्यू यॉर्कचे चार वेळा निवडून आलेले माजी गव्हर्नर. पक्षातल्या उजव्या गटाला ते नको होते. ३ नोव्हेंबर १९७५ ला त्यांनी पत्र लिहून अध्यक्ष फोर्ड यांना कळवलं की पुढच्या वर्षी मी सोबत नसेन. कागदावर ती स्वतःहून घेतलेली माघार होती, पण त्यांचा पत्ता कापला गेला हे सगळ्यांना कळलं. त्यांच्या जागी बॉब डोल आले. फोर्ड हरले: डेमोक्रॅट कार्टर यांना २९७ आणि फोर्ड यांना २४० इलेक्टोरल मतं. (ही मतं राज्यांना ठरवून दिलेली असतात आणि राज्य जिंकणाऱ्याला सहसा तिथली सगळी मिळतात.) न्यू यॉर्कची मतं होती ४१, आणि ते राज्य कार्टर यांनी सुमारे २ लाख ८९ हजार मतांनी, म्हणजे ४.४ टक्क्यांच्या फरकाने घेतलं. ४१ इकडून तिकडे गेली असती तर फोर्ड २८१ वर पोचले असते. जिंकायला २७० लागतात. ४.४ ची दरी बुजवायला मतांच्या वाट्यात सव्वादोन टक्के सरकावे लागतात, कारण एका बाजूचं मत दुसऱ्या बाजूला गेलं की फरक दुपटीने बदलतो. पहिल्या अभ्यासाचा ०.३ धरला तर रॉकफेलर असून-नसून सारखेच. दुसऱ्याचा २.६७ हा आकडा मतांच्या वाट्याला लावला तर न्यू यॉर्क फोर्ड यांच्याकडे जातं आणि अध्यक्षपदही. पण गणित एवढ्यावर संपत नाही. रॉकफेलर यांच्या पत्रानंतर तीनच आठवड्यांच्या आत रोनाल्ड रेगन फोर्ड यांच्याविरुद्ध मैदानात उतरले आणि अधिवेशनात फोर्ड १,१८७ विरुद्ध १,०७० असे जेमतेम वाचले. रॉकफेलर यांना धरून ठेवलं असतं तर फोर्ड नोव्हेंबरपर्यंत पोचले असते का, हे कोणताही ‘जुळं राज्य’वाला हिशोब सांगू शकत नाही.

ख्रिस्तोफर डिव्हाइन आणि काइल कोपको हे दोन अभ्यासक वर्षानुवर्षं याच प्रश्नामागे आहेत. त्यांचा निष्कर्ष मला सर्वांत पटतो. लोक उपाध्यक्षाला मत देत नाहीत. उपाध्यक्ष निवडताना अध्यक्षाने कसा विचार केला, यावरून ते अध्यक्षाला जोखतात. परिणाम होतो, पण तो आडवाटेने. हे लक्षात घेतलं की बदलाची अडचण उघड होते. नवा माणूस चांगला असला, तरी जुन्याला काढणं म्हणजे चार वर्षांपूर्वीची आपली निवड चुकली, अशी जाहीर कबुलीच. नव्या चेहऱ्यावर मिळवलेलं या कबुलीत गमावलं जातं.

आता कायदा आणि वेळापत्रक. उपाध्यक्षाला काढणं आणि उपाध्यक्षपदाचा उमेदवार बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बातम्यांत त्यांची हमखास सरमिसळ होते. अध्यक्ष आपल्या मंत्र्याला एका पत्राने घरी पाठवू शकतो, उपाध्यक्षाला नाही. तो चार वर्षांसाठी निवडून आलेला असतो. राजीनामा, मृत्यू, महाभियोग किंवा तो स्वतःच अध्यक्ष होणं, याखेरीज पद रिकामं होत नाही. (आपल्या उपराष्ट्रपतींशी तुलना करू नये. ते पद संसदेतले खासदार वेगळ्या निवडणुकीत भरतात. जुलै २०२५ मध्ये जगदीप धनखड यांनी राजीनामा दिला आणि ९ सप्टेंबरला महाराष्ट्राचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन निवडून आले, तेव्हा कोणाचीही जोडी फुटली नाही.) पद रिकामं झालंच, तर १९६७ साली मंजूर झालेल्या २५व्या घटनादुरुस्तीप्रमाणे अध्यक्ष नाव सुचवतो आणि काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, दोन्ही सभागृहं बहुमताने ते मंजूर करतात. हे दोनदाच घडलंय. फोर्ड यांना १९७३ मध्ये आठ आठवडे लागले. रॉकफेलर यांना १९७४ मध्ये चार महिने, कारण त्यांच्या अफाट संपत्तीची छाननी संपता संपेना. निवडणुकीच्या वर्षात विरोधकांच्या हाती सिनेट असताना हा रस्ता धरणं म्हणजे आपल्याच माणसाची उलटतपासणी चार महिने दूरदर्शनवर चालू देणं.

म्हणून शहाणे लोक पदाला हात लावत नाहीत. उपाध्यक्ष जानेवारीपर्यंत पदावर राहतो आणि अधिवेशनात फक्त पुढच्या उमेदवाराचं नाव बदलतं. ते अवघड नाही. आजकाल प्रतिनिधी अध्यक्षपदाच्या उमेदवाराने सुचवलेलं नाव बिनबोभाट मान्य करतात. एक पथ्य मात्र पाळावं लागतं: १२व्या घटनादुरुस्तीनुसार कुठल्याही राज्याचे इलेक्टर (इलेक्टोरल मतं टाकणारे प्रतिनिधी) आपल्याच राज्यातल्या दोघांना मत देऊ शकत नाहीत. २००० साली बुश आणि चेनी दोघेही टेक्ससमध्ये राहत होते; चेनी यांनी वेळेवर आपली मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली नसती तर टेक्ससची ३२ मतं अडचणीत आली असती, आणि बुश जिंकले ते २७१ वर.

बदल झाला आणि तो इतिहासाला पुरून उरला असं एकच वर्ष आहे: १९४४. शिकागोच्या अधिवेशनात २० जुलैच्या रात्री गॅलऱ्या अध्यक्ष रूझवेल्ट यांचे उपाध्यक्ष हेन्री वॉलेस यांच्या नावाने घुमत होत्या. त्या रेट्यात लगेच मतदान झालं असतं तर वॉलेस उपाध्यक्षपदावर कायम राहण्याची दाट शक्यता होती. पक्षाच्या धुरीणांना ते नको होतं. सभागृहात गर्दी धोकादायक झालीय, असं कारण देऊन बैठक तहकूब करण्यात आली. दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीत वॉलेस यांना ४२९.५ मतं आणि हॅरी ट्रुमन यांना ३१९.५ मतं पडली. बहुमताला ५८९ हवी होती. (अर्धं मत म्हणजे एका मताच्या वाटेकरी दोन प्रतिनिधींपैकी एकाचं.) दुसऱ्या फेरीत राज्यांमागून राज्यं फिरली आणि आकडा ट्रुमन १,०३१, वॉलेस १०५ असा झाला. या बदलाने रूझवेल्ट यांना किती मतं मिळवून दिली, हे सांगता येणार नाही. शपथविधीनंतर ८२ दिवसांनी रूझवेल्ट वारले आणि ट्रुमन अध्यक्ष झाले. अणुबाँबची तपशीलवार माहिती त्यांना त्यानंतर मिळाली. आजवर अध्यक्ष झालेल्या ४५ व्यक्तींपैकी ९ जण असे मधूनच, उपाध्यक्षपदावरून तिथे पोचले आहेत. पाचात एक. मतांचे दशांश टक्के मोजणाऱ्या चाचण्यांमध्ये हा प्रश्न क्वचितच विचारला जातो: उद्या हाच माणूस अध्यक्ष झाला तर?

अधिवेशनानंतर बदल करायचा तर घड्याळ विरोधात धावू लागतं. १९७२ मध्ये डेमोक्रॅट्सनी टॉमस ईगलटन यांना मिआमीच्या अधिवेशनात घाईघाईत निवडलं. नैराश्यासाठी ते तीनदा रुग्णालयात होते आणि त्यांना विजेचे झटके दिले गेले होते, हे २५ जुलैला बाहेर आलं. ३१ जुलैला त्यांनी माघार घेतली, ८ ऑगस्टला पक्षाच्या राष्ट्रीय समितीने सार्जंट श्रायव्हर यांना उभं केलं. मधल्या काळात अनेकांनी नकार दिला, तोही जाहीर चर्चा होत असताना. अध्यक्षपदाचे उमेदवार मॅक्गव्हर्न यांच्या वाट्याला ५३८ पैकी १७ इलेक्टोरल मतं आली. ते तसेही हरलेच असते, पण हा प्रकार अंगलट आला तो त्यांच्या निर्णयक्षमतेच्या प्रतिमेवर, नेमका डिव्हाइन आणि कोपको सांगतात त्या वाटेने.

आज मुदत आणखी घट्ट आहे. सैनिकांना आणि परदेशातल्या अमेरिकी नागरिकांना मतपत्रिका निवडणुकीच्या निदान ४५ दिवस आधी पाठवाव्याच लागतात. पुण्यात राहणाऱ्या अमेरिकी मतदारालाही त्याच वेळापत्रकाने ती मिळते. २०२८ ची निवडणूक ७ नोव्हेंबरला आहे, म्हणजे २३ सप्टेंबरच्या आत नावं छापून तयार हवीत, आणि छपाईआधी प्रत्येक राज्याची नावं कळवण्याची स्वतःची तारीख वेगळीच. त्यानंतर उमेदवार बदलला तरी मतपत्रिकेवर जुनंच नाव राहतं. मतं मात्र वाया जात नाहीत, कारण मतदार कायद्याने इलेक्टर निवडत असतो. १९१२ साली उपाध्यक्ष जेम्स शर्मन निवडणुकीला सहा दिवस उरले असताना वारले. नाव छापलेलंच होतं, लोकांनी त्यालाच मतं दिली, आणि टाफ्ट यांच्या वाट्याला आलेल्या आठ इलेक्टरनी उपाध्यक्षपदाची आपली मतं निकोलस मरे बटलर यांना दिली. आताही डिसेंबरात इलेक्टर आपापल्या राज्यांत मतदान करेपर्यंत एवढी फट उघडी असते, जरी बऱ्याच राज्यांनी त्यांना उमेदवाराशी कायद्याने बांधून टाकलं आहे. त्यानंतर निवडून आलेल्या उपाध्यक्षाचं काही झालं, तर २० जानेवारीला नव्या अध्यक्षाने शपथ घेईपर्यंत थांबावं लागतं आणि मग पुन्हा २५व्या दुरुस्तीचा लांबचा रस्ता.