एलडीएलचं लक्ष्य २०१३ मध्ये का हटलं?

सशांना कोलेस्टेरॉल चारल्यावर त्यांच्या धमन्यांत थर साचतात, हे रशियात १९१३ मध्येच दिसलं होतं. उपयोगी औषधाचा माग लागायला मात्र सत्तरचं दशक उजाडलं. जपानमध्ये बुरशीतून पहिलं स्टॅटिन, म्हणजे यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारं औषध, वेगळं झालं. अमेरिकेने १९८७ मध्ये लोवास्टॅटिन या स्टॅटिनला परवानगी दिली. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांच्या चाचणीत सिम्वास्टॅटिनमुळे मृत्यू ३० टक्क्यांनी घटले, तेव्हा कोलेस्टेरॉल उतरवून फायदा होतो का, हा वाद बहुतांशी मिटला.

उरला प्रश्न किती उतरवायचं याचा. अमेरिकेच्या २००१ च्या मार्गदर्शक सूचनांत हृदयरुग्णासाठी एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १०० च्या खाली (दर डेसिलिटर रक्तात मिलिग्रॅम) हवं होतं. २००४ मध्ये जास्त जोखमीच्या रुग्णांसाठी ७० चा पर्याय आला. नोव्हेंबर २०१३ मध्ये तिथल्याच नव्या समितीने ही लक्ष्यंच काढून टाकली. चाचण्यांमध्ये रुग्णांना स्टॅटिनचा ठरावीक डोस दिला होता, अमुक आकडा गाठेपर्यंत औषध वाढवलं नव्हतं, हा तिचा मुद्दा. म्हणून जोखमीनुसार रुग्णांचे चार गट पाडायचे आणि गट पाहून मध्यम किंवा तीव्र मात्रा द्यायची.

पुराव्याच्या कसोटीवर यात खोट काढणं कठीण होतं. पण गोळी सुरू केल्यावर ती पुरेशी पडतेय का, हे दवाखान्यात कशावरून ठरवायचं? आनुवंशिकतेनेच कोलेस्टेरॉल खूप जास्त असलेल्याचं एलडीएल निम्म्यावर येऊनही १५० राहू शकतं. युरोपने लक्ष्यं सोडलीच नाहीत. त्यातच पुढच्या दहा वर्षांतली हृदयविकार-पक्षाघाताची जोखीम काढणारं अमेरिकेचं नवं सूत्र ती फुगवून दाखवतं, अशी टीका लगेच सुरू झाली. साडेसात टक्के जोखमीपासून स्टॅटिनचा विचार करायचा असल्याने ही टीका झोंबणारी होती.

नव्या औषधांनीच पुढे चित्र पालटलं. स्टॅटिनला इझेटिमाइबची (आतड्यात कोलेस्टेरॉल शोषलं जाणं रोखणाऱ्या गोळीची) जोड दिल्यावर एलडीएल साधारण ७० वरून ५४ वर आलं आणि हृदयविकाराचे झटके थोडे, पण निश्चित कमी झाले, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी पीसीएसके९ (यकृताला रक्तातलं एलडीएल उचलू न देणारं प्रथिन) रोखणारी इंजेक्शनंही मंजूर झाली. २०१८ मध्ये अमेरिकेत ७० परत आलं, पण लक्ष्य म्हणून नव्हे, तर दुसरं औषध जोडण्याचा उंबरठा म्हणून. (रुग्णाला हा फरक समजावून पाहावा!) युरोप २०१९ मध्ये अतिजोखमीच्या रुग्णांसाठी ५५ वर उतरला.

भारतीयांना हृदयविकार तुलनेने लवकर गाठतो, म्हणून इथल्या तज्ज्ञांनी २०१६ मध्येच अतिजोखमीच्या रुग्णांसाठी ५० च्या खालचा आकडा सुचवला होता. २०२४ च्या भारतीय सूचनांत तो ५५ आहे. पहिली तपासणी अठराव्या वर्षी करायची आहे आणि नेहमीच्या तपासणीला उपाशीपोटी येण्याची अट शिथिल झाली आहे.