हायड्रोजेलने सांडपाण्यातील जड धातू काढणे

हायड्रोजेल म्हणजे पाणी पिऊन फुगणारे, पण पाण्यात न विरघळणारे पॉलिमरचे जाळे. शिसे, कॅडमियम, तांबे, निकेल हे धातू सांडपाण्यात आयनरूपाने, म्हणजे विद्युतभारित कणांच्या रूपात असतात. जाळ्यावरचे कार्बॉक्सिल व अमिनो हे अणूंचे गट त्यांना धरून ठेवतात. नेहमीच्या पद्धतीत चुना घालून धातू खाली बसवतात. ती स्वस्त आहे, पण गाळ भरपूर निघतो आणि थोडा धातू पाण्यात उरतोच. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. हा उरलेला अंश उचलणे हेच हायड्रोजेलचे खरे काम.

महाड, रोहा, लोटे-परशुराम या रासायनिक वसाहती सावित्री, कुंडलिका, वाशिष्ठी यांच्या खोऱ्यांत आहेत आणि या नद्या थोड्याच अंतरावर खाडीला मिळतात. खाडीतली कालवे नि तिसऱ्या पाणी गाळून खातात. पाण्यातला धातू त्यांच्या मांसात साठतो आणि तिथून माणसांच्या ताटात येतो. जेलचा कच्चा मालही याच किनाऱ्यावर आहे. कोळंबी-कुर्ल्यांच्या कवचातील कायटिनवर तीव्र कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केली की कायटोसान मिळते, तर सरगॅसमसारख्या तपकिरी समुद्रशेवाळातून अल्जिनेट. सोडियम अल्जिनेट कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात थेंब थेंब सोडले की साबुदाण्यासारखे मणी बनतात. ते नळकांड्यात भरून त्यांतून पाणी सोडतात.

पाण्याचा सामू (पीएच) सांभाळावा लागतो. आम्लधर्मी पाण्यात कार्बॉक्सिल गटांवर हायड्रोजन बसतो आणि शिशाला जागा उरत नाही. साधे कायटोसान तर आम्लात विरघळते, म्हणून त्याच्या साखळ्या ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाने आधी एकमेकींना बांधून घेतात. षट्संयुजी क्रोमियमचे वागणे उलटे: ते ऋणभारित रूपात असते, त्यामुळे आम्लात धनभारित होणाऱ्या अमिनो गटांना तिथेच चिकटते.

कोकणात सर्वांत मोठी अडचण मिठाची. खाऱ्या पाण्यात पॉलिअ‍ॅक्रिलिक हे कृत्रिम जेल आक्रसते. अल्जिनेटमधला कॅल्शियम सोडियममुळे सुटून मणी ढिले पडतात. मॅग्नेशियम धातूंची जागा अडवतो. म्हणून ही प्रक्रिया कारखान्याच्या आवारातच, तीही त्या-त्या विभागाचे पाणी इतर सांडपाण्यात मिसळण्याआधी व्हायला हवी. खाडीत गेलेला धातू असा परत काढता येत नाही.

भरलेले जेल सौम्य आम्लाने धुऊन पुन्हा वापरतात, मात्र दर धुण्यागणिक त्याची धारणक्षमता साधारणपणे घटत जाते. धुवणातले तांबे-निकेल विद्युतविश्लेषणाने परत मिळवता येते. उरलेले तळोज्यासारख्या घातक कचरा केंद्राकडे पाठवावे लागते.