सेंट लुईस पब्लिक रेडिओ: तुकड्यांत वाटलेल्या शहराची बातमी

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या सेंट लुईस शहरात दोन अनोळखी माणसं भेटली की गप्पांमध्ये लवकरच एक प्रश्न येतो: तुम्ही हायस्कूलला कुठे होतात? आपल्याकडे आडनाव आणि गाव विचारून समोरच्याचा ठाव घेतात, तसाच हा प्रकार. शाळेचं नाव कळलं की घर कुठल्या भागातलं, कॅथलिक की नाही, पैसा किती, गोरे की कृष्णवर्णीय, हे सगळं तिथल्या माणसाला आपोआप उमगतं. अशा शहरात ‘स्थानिक बातमी’ द्यायची म्हणजे नेमकी कुणाची, हा प्रश्न तिथल्या पब्लिक रेडिओला पन्नास वर्षांहून जास्त काळ पुरला आहे. गेल्या दहा-बारा वर्षांतलं त्याचं काम समजून घ्यायचं तर आधी शहर समजून घ्यावं लागतं.

१८७६ मध्ये सेंट लुईस शहराने आपल्याच काउंटीपासून फारकत घेतली. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. शहर तेव्हा श्रीमंत होतं आणि आजूबाजूच्या शेतजमिनीवर आपल्या कराचा पैसा कशाला घालवायचा, असा हिशेब त्यामागे होता. पुढे वस्ती शहराबाहेर पसरली आणि काउंटीत नव्वदच्या आसपास छोट्या नगरपालिका उभ्या राहिल्या. बहुतेकींचा महापौर वेगळा, अनेकींचे पोलीस वेगळे, न्यायालयही वेगळं. काही नगरपालिका तर चार-सहा गल्ल्यांच्या.

त्यात वंशाची भिंत. कृष्णवर्णीयांना घर विकू नये अशा अटी खरेदीखतांत घातल्या जात. न्यायालयांनी त्या अटी अमलात आणू नयेत, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९४८ चा निकाल याच शहरातल्या लॅबडी अव्हेन्यूवरच्या एका घरावरून लागला. तरी १९५९ मध्ये मिल क्रीक व्हॅली ही कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती ‘शहर सुधारणे’च्या नावाखाली पाडायला सुरुवात झाली आणि सुमारे २०,००० माणसं विस्थापित झाली. १९५० मध्ये शहराची लोकसंख्या ८,५६,७९६ होती, २०२० च्या जनगणनेत ती ३,०१,५७८ भरली. गोरी कुटुंबं आधी काउंटीत गेली, मग ज्यांना परवडलं ती कृष्णवर्णीय कुटुंबंही. डेलमार हा पूर्व-पश्चिम रस्ता आजही सीमारेषेसारखा ओळखला जातो. त्याच्या उत्तरेला मोडकळीस आलेली विटांची घरं, दक्षिणेला दुरुस्त केलेली.

रेडिओ मात्र या शहरात फार लवकर आला. सेंट लुईस विद्यापीठातल्या जेझुइट पंथाच्या कॅथलिक धर्मगुरूंनी २६ एप्रिल १९२१ रोजी तोंडी हवामानवृत्त प्रसारित केलं. त्यांचं डब्ल्यूईडब्ल्यू हे स्टेशन देशातल्या अगदी सुरुवातीच्या स्टेशनांपैकी एक. मिडवेस्टमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्य-उत्तर भागातल्या, बिनव्यापारी रेडिओची मुळं अशीच विद्यापीठांत सापडतात. प्राध्यापकांकडे यंत्रं होती आणि शेतकऱ्यांना हवामान आणि बाजारभाव हवे होते. वस्तीने स्वतःसाठी चालवायचा रेडिओही इथे लवकर रुजला. १९६९ मध्ये सुरू झालेलं केडीएनए हे स्टेशन स्वयंसेवकांच्या जोरावर चालायचं. ते काही वर्षांतच विकलं गेलं, पण त्याच्यामागे उभ्या असलेल्या मंडळींच्या संस्थेतून १९८७ मध्ये केडीएचएक्स हे सामुदायिक स्टेशन निघालं. संगीतप्रेमी सेंट लुईसकरांच्या मनात त्याची जागा फार मोठी होती.

आपला मुख्य धागा सुरू होतो २ जून १९७२ ला. त्या दिवशी मिझुरी विद्यापीठाच्या सेंट लुईस शाखेने केडब्ल्यूएमयू, म्हणजे आजचं सेंट लुईस पब्लिक रेडिओ, हे ९०.७ एफएम स्टेशन सुरू केलं. ही शाखा १९६३ ची, शहराच्या हद्दीबाहेर, नॉर्थ काउंटीतल्या, म्हणजे काउंटीच्या उत्तरेकडच्या, नॉर्मंडी भागात एका जुन्या गोल्फ क्लबाच्या जागेवर वसवलेली. आणि त्याच वर्षी, स्टेशन सुरू होण्याच्या काही आठवडे आधी, शहराच्या उत्तर भागात प्रुइट-आयगो या सरकारी घरकुल वसाहतीच्या पहिल्या इमारती सुरुंग लावून पाडल्या गेल्या. अकरा-अकरा मजल्यांच्या ३३ इमारती, जेमतेम अठरा वर्षं जुन्या. मला या दोन घटना शेजारी ठेवून बघाव्याशा वाटतात, कारण नवीन स्टेशनच्या दारात शहराची सगळ्यात मोठी गोष्ट घडत होती आणि स्टेशनचे बरेचसे तास जाणार होते पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात.

यात स्टेशनचा वेगळा काही दोष नव्हता. अमेरिकेतला पब्लिक रेडिओ तेव्हा असाच होता. आपल्या आकाशवाणीसारखा तो सरकार चालवत नाही. परवाना विद्यापीठाकडे किंवा एखाद्या ना-नफा संस्थेकडे असतो. पैसा येतो श्रोत्यांच्या वर्गणीतून, प्रायोजकांकडून, विद्यापीठाकडून आणि २०२५ पर्यंत काही भाग केंद्र सरकारच्या अनुदानातूनही यायचा. त्या अनुदानाची सोय १९६७ च्या कायद्याने केली. तो कायदा मुळात फक्त टेलिव्हिजनसाठी घाटत होता. विद्यापीठांच्या रेडिओवाल्यांनी धडपड करून त्यात रेडिओचा समावेश करून घेतला. मग एनपीआर ही राष्ट्रीय संस्था आली आणि ३ मे १९७१ पासून तिचा संध्याकाळचा वृत्तकार्यक्रम देशभर ऐकू येऊ लागला.

या व्यवस्थेचा एक परिणाम श्रोत्याला सहसा जाणवत नाही. सकाळच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचं घड्याळ ठरलेलं असतं: तासाच्या सुरुवातीला एनपीआरच्या बातम्या, मग स्थानिक निवेदकाला काही मिनिटं, पुढे पुन्हा ठरावीक ठिकाणी छोट्या फटी. स्थानिक बातमीला जागा मिळते ती या फटींमध्ये. महापौर, विधिमंडळ, हवामान आणि वाहतूक एवढं बसवलं की वेळ संपतो. एखाद्या गल्लीत जाऊन चार दिवस बसायचं, तिथल्या बायाबापड्यांचा आवाज आणायचा, तर त्याला माणसं लागतात आणि पैसे लागतात. सेंट लुईसच्या स्टेशनकडे वार्ताहर होते, चांगलेही होते, पण मोजके. तपशिलातली शहराची बातमी देणं हे वर्तमानपत्राचं काम, असंच सगळे धरून चालले होते.

ते वर्तमानपत्र म्हणजे पोस्ट-डिस्पॅच, १८७८ मध्ये जोसेफ पुलित्झरने उभं केलेलं. त्याचा प्रतिस्पर्धी ग्लोब-डेमोक्रॅट १९८६ मध्ये बंद पडला. २००५ मध्ये पुलित्झर कंपनीच ली एंटरप्रायझेस या बाहेरच्या वृत्तपत्रसमूहाने १.४६ अब्ज डॉलरला विकत घेतली आणि पुढच्या वर्षांत कपातीमागून कपात होत राहिली. बाहेर पडलेल्या जुन्याजाणत्या पत्रकारांनी २००८ मध्ये सेंट लुईस बीकन हे ना-नफा तत्त्वावरचं ऑनलाइन वृत्तपत्र काढलं. संपादक होत्या मार्गारेट वुल्फ फ्रायफोगेल, पोस्ट-डिस्पॅचमध्ये अनेक वर्षं काम केलेल्या. बीकनचं कार्यालय ग्रँड सेंटर भागात, पब्लिक टेलिव्हिजनच्या इमारतीत होतं. २०१२ मध्ये रेडिओही त्याच भागातल्या नव्या इमारतीत आला. दोन्ही संस्था एकाच श्रोत्या-वाचकांकडे देणगी मागत होत्या. डिसेंबर २०१३ मध्ये त्या एक झाल्या आणि फ्रायफोगेल एकत्रित वृत्तकक्षाच्या संपादक झाल्या. एव्हाना स्टेशन सेंट लुईस पब्लिक रेडिओ याच नावाने ओळखलं जात होतं.

हे विलीनीकरण कागदावर वाटतं तितकं सोपं नसतं. छापील बातमीत सवय माहिती दाटीने मांडण्याची. रेडिओत एका वाक्यात एकच गोष्ट सांगायची आणि बाकीचं आवाजावर सोडायचं. मुलाखत संपली की वार्ताहर सगळ्यांना मिनिटभर गप्प बसायला सांगतो आणि नुसत्या खोलीचा आवाज टिपून घेतो: फ्रिजची घरघर, बाहेरची गाडी, कुत्र्याचं भुंकणं. नंतर संपादन करताना हाच आवाज दोन वाक्यांचा सांधा झाकतो. कागदपत्रं खणून काढणारे एका बाजूला आणि असा आवाज जमवणारे दुसऱ्या बाजूला, दोघं आता एका बैठकीत बसू लागले होते.

त्याला जेमतेम आठ महिने झाले आणि ९ ऑगस्ट २०१४ रोजी नॉर्थ काउंटीतल्या फर्ग्युसन या छोट्या नगरपालिकेत मायकल ब्राउन या अठरा वर्षांच्या नि:शस्त्र कृष्णवर्णीय मुलाला पोलिसाने गोळ्या घातल्या. त्याचा मृतदेह कॅनफील्ड ड्राइव्हवर, भर उन्हात, सुमारे चार तास पडून होता. विद्यापीठाचं आवार तिथून काही मैलांवर. देशोदेशीचे कॅमेरे आले, रात्रीचा अश्रुधूर जगाने पाहिला आणि कॅमेरे परत गेले. स्थानिक रेडिओला परत जायला दुसरं गाव नव्हतं. रस्त्यावरचं निदर्शन, चर्चमधली बैठक, नगर परिषदेची सभा, खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या काउंटीतल्या नागरिकांच्या मंडळाची, म्हणजे ग्रँड ज्युरीची, वाट पाहण्याचे महिने, २४ नोव्हेंबरला खटला न भरण्याचा निर्णय आणि पुन्हा पेटलेली रात्र, या सगळ्याची नोंद त्यांनी रोजच्या रोज ठेवली.

खरी कसोटी होती ती लोक एवढे का चिडले हे समजावून सांगण्याची. इथे त्या छोट्या नगरपालिकांची कहाणी पुढे आली. सुमारे २१,००० वस्तीच्या फर्ग्युसनच्या न्यायालयात डिसेंबर २०१४ मध्ये १६,००० हून जास्त माणसांच्या नावाने अटक वॉरंट पडून होती, असं केंद्रीय न्याय खात्याच्या मार्च २०१५ च्या अहवालात नमूद आहे. त्यात गावाबाहेरचेही पुष्कळ होते. गाडीचा दिवा फुटलेला, अंगणातलं गवत वाढलेलं, अशा कारणांवरून दंड. दंड भरायला पैसे नाहीत म्हणून तारखेला न जाणं. न गेल्यामुळे वॉरंट. वॉरंट म्हणून अटक, अटकेमुळे बुडालेली नोकरी. दंडाची ही रक्कम नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात आधीच उत्पन्न म्हणून धरलेली असे. शेजारच्या गावांतही हेच चाललं होतं. २०१५ मध्ये मिझुरीच्या विधिमंडळाने अशा उत्पन्नावर मर्यादा घालणारा कायदा केला. ही न्यायालयं वर्षानुवर्षं भरत होती, शेकडो लोक दारात रांग लावत होते, आणि शहराच्या पत्रकारितेने त्या रांगेकडे पुरेसं पाहिलेलं नव्हतं. माझ्या मते सेंट लुईसच्या रेडिओच्या इतिहासातला हा सगळ्यात महत्त्वाचा धडा आहे.

२०१५ मध्ये स्टेशनने ‘वी लिव्ह हिअर’ ही पॉडकास्ट मालिका सुरू केली. वंश, वर्ग आणि सत्ता रोजच्या जगण्यात कशी काम करते, हा तिचा विषय: शाळा, घरं, आरोग्य. त्याच सुमारास ‘क्युरियस लुईस’ आलं. त्यात श्रोत्यांनी प्रश्न पाठवायचे आणि वार्ताहराने उत्तर शोधायचं. ही पद्धत शिकागोच्या डब्ल्यूबीईझेड या पब्लिक रेडिओ स्टेशनने २०१२ मध्ये रूढ केली होती. बातमी कुठली हे ठरवण्याचा अधिकार थोडा तरी श्रोत्याकडे सरकला, म्हणून मला तिचं मोल वाटतं. हायस्कूलवाला प्रश्न इथे का विचारतात यासारख्या गोष्टी अशाच वाटेने बातमी होतात.

याच काळात जुनी दुखणीही पटलावर आली. १९४२ पासून शहरात मॅलिंक्रॉट कंपनीत अणुबॉम्बसाठी युरेनियम शुद्ध होत असे. त्याचा कचरा विमानतळाजवळ उघड्यावर पडला आणि कोल्डवॉटर क्रीक या ओढ्यातून नॉर्थ काउंटीच्या वस्त्यांमधून वाहत गेला. त्या ओढ्यात खेळून मोठी झालेली माणसं कर्करोगाच्या नोंदी जमवत राहिली. त्यांना केंद्र सरकारची भरपाई मिळण्याची तरतूद जुलै २०२५ मध्ये झाली. बेव्हो मिल भागात १९९० च्या दशकात आलेल्या बोस्नियन निर्वासितांनी ओस पडलेली दुकानं पुन्हा उघडली, त्यांची मुलं आता शहर सोडून काउंटीत चालली आहेत, हीही या शहराची बातमी.

स्टेशनच्या आत सगळं आलबेल होतं असं मात्र नाही. २०२० च्या उन्हाळ्यात तिथल्या कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य वंशांच्या पत्रकारांनी खुलं पत्र लिहून स्टेशनच्याच कारभारात वंशभेद आहे असं सांगितलं. त्या घडामोडींनंतर स्टेशनचे प्रमुख पायउतार झाले. वंशावर मालिका करणाऱ्या संस्थेत हे घडलं याने तेव्हा अनेक श्रोते दुखावले. पण पत्र लिहिणारी माणसं या वृत्तकक्षातलीच होती, आणि त्यांनी लपवलं नाही, याचा मला आदर वाटतो.

मग २०२५ आलं. मार्चमध्ये केडीएचएक्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. १६ मेला दुपारी ईएफ-३ तीव्रतेची (सगळ्यात तीव्र ती ईएफ-५) चक्रीवात फॉरेस्ट पार्कवरून उत्तर भागात शिरली आणि फाउंटन पार्क, द व्हिल अशा जुन्या कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या विटांच्या भिंती कोसळल्या. शहराचे धोक्याचे भोंगे वाजलेच नाहीत. वीज गेलेल्या घरात बॅटरीवरचा किंवा गाडीतला रेडिओ उरतो. भोंगे का वाजले नाहीत, विमा नसलेल्या घरमालकांनी काय करायचं, छप्परावर टाकायची ताडपत्री कुठे मिळते, या सगळ्याला केंद्राने आपत्ती जाहीर करेपर्यंत, म्हणजे ९ जूनपर्यंत, स्थानिक संस्थांनीच तोंड दिलं.

त्याच जुलैत अमेरिकी काँग्रेसने पब्लिक रेडिओ आणि टेलिव्हिजनसाठी दोन वर्षांकरिता मंजूर झालेले १.१ अब्ज डॉलर मागे घेतले. २४ जुलैला त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली आणि १ ऑगस्टला ते अनुदान वाटणाऱ्या महामंडळाने गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. सेंट लुईससारखं मोठं स्टेशन वर्गणीदारांच्या बळावर तग धरू शकतं. खेड्यापाड्यांतल्या छोट्या स्टेशनांना तेवढी वर्गणी मिळत नाही. सेंट लुईसने रोला आणि क्विन्सी या लहान गावांमधली विद्यापीठांची स्टेशनं आधीच आपल्या छत्राखाली घेतली आहेत. त्यामुळे त्या गावांच्या सभा, शाळा आणि पूर यांच्यासाठी माणूस ठेवायचा का, हाही हिशेब आता ग्रँड सेंटरच्या इमारतीतच होणार आहे.