पस्तीस हजार क्युसेक म्हणजे पाणी कुठवर?

पावसाळ्यात पुणेकरांच्या मोबाइलवर निरोप येतो: ‘खडकवासला धरणातून मुठेत ३५ हजार क्युसेक विसर्ग.’ वाचणारा विचारतो, म्हणजे किती हो? खरं तर त्याला विचारायचं असतं, पार्किंगमधली गाडी वर काढून ठेवू का?

आधी ‘किती’चं बघू. सेकंदाला एक घनफूट पाणी वाहिलं की एक क्युसेक; सुमारे २८.३ लिटर. ३५ हजार क्युसेक म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ शंभर टँकर दर सेकंदाला रिते होणं. टीएमसी हे मात्र साठ्याचं माप, एक अब्ज घनफूट. नळाची धार आणि भरलेली बादली, एवढाच फरक. तरी बातम्यांत दोन्हींची सर्रास गल्लत होते. ११,५७४ क्युसेकची धार चोवीस तास चालली, की एक टीएमसी पाणी जातं. हे कळलं की ‘पाणी धरणातच का अडवलं नाही?’ या रागाचंही उत्तर सापडतं. पानशेत, वरसगावचा साठा प्रत्येकी दहा टीएमसीच्या वर, पण त्यांच्या खालचं खडकवासला जेमतेम दोन टीएमसीचं. ३५ हजारांनी पाणी येत राहिलं, तर अगदी रिकामं खडकवासलाही सोळा तासांत काठोकाठ भरेल.

टँकरची उपमा मला आवडते, पण गाडीच्या प्रश्नाला ती निरुपयोगी. तेवढंच पाणी रुंद पात्रात पसरून जातं आणि अरुंद पात्रात चढतं. जलशास्त्रज्ञ म्हणूनच नदीवरच्या मोजणीच्या ठिकाणी पातळी आणि प्रवाह यांचा आलेख काढतात. एका ठिकाणचा आलेख दुसरीकडे चालत नाही.

सांगलीकर क्युसेकवर फारसं बोलत नाहीत, ते ‘आयर्विनला किती फूट?’ विचारतात, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांच्याही वर गेली होती. आपल्या गल्लीत पाणी कितव्या फुटाला येतं, हे घराघरांत पाठ असतं. पुण्यात ‘भिडे पूल पाण्याखाली गेला’ एवढं पुरतं. नाशिकमध्ये तर गोदेच्या पात्रातला दुतोंड्या मारुतीच मोजपट्टी: पाणी गुडघ्याला, कमरेला, गळ्याला. याला कोणी अडाणीपणा म्हणेल, पण मोजणीची पट्टी याहून वेगळं काय करते?

तज्ज्ञाची गरज उरते ती पुढे. मारुती जागचा हलत नाही, पात्र मात्र बदलतं. काठावर भराव पडला, गाळ साचला, की जुना आलेख खोटा पडतो आणि काल कमरेला लागलेला विसर्ग उद्या छातीला लागू शकतो. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. तिथल्या माणसाला निरोपात क्युसेक हवेतच, पण त्याच ओळीत हेही हवं: पाणी तुमच्या फाटकाशी साधारण किती वाजता पोचेल आणि कोणत्या पायरीपर्यंत चढेल.